वारुळावरची अळंबी, उकिरड्यावरची छत्री

श्रावणातली गोष्ट. रात्रीचा वर्ग भरायचा होता. बाहेर पाऊस लागला होता आणि वीज गेली होती. आम्ही कंदील लावून बसलो होतो. एवढ्यात आजी आल्या. पदराखाली काहीतरी झाकून आणले होते. पदर काढला तर टोपलीत पांढरी शुभ्र अळंबी! खाली सागाचे पान, वर सागाचे पान.

"कुठं मिळाली, आजी?" आम्ही विचारले.

"माळावरल्या वारुळावर. दरसाल तिथंच येत्यात. तुमच्यासाठी चार ठेवलीत."

हे ऐकून मागे बसलेला एक तरुण गडी उठला. म्हणाला, "आमच्याकडंबी उगवल्यात की! उकिरड्यापाशी. ही एवढी मोठाली. आईनं काढून आणल्यात. रातच्याला कालवण करायचं म्हणतीया."

आजींनी मान वर केली. "उकिरड्यावरच्या? त्या कुत्र्याच्या छत्र्या रं! नगं खाऊ."

"न्हाई, आजी. आईनं लसूण घालून पाहिला. लसूण काळा न्हाई पडला. मग काय भ्या?"

झाले! वर्गात दोन तट पडले. कोणी म्हणे, चांदीचा रुपया टाकून बघा. कोणी म्हणे, तांदूळ टाका. कोणी म्हणे, आमच्या शेळीने खाल्ली, तिला काही झाले नाही. त्या रात्री अक्षरे बाजूला राहिली. आम्ही त्या गड्याला लगेच घरी पाठवले. निरोप दिला, "कालवण सकाळपर्यंत थांबवा. आणि त्यातली एक छत्री इकडे घेऊन या."

तो गेला आणि भिजत परत आला. आई रागावली होती. श्रावणात मटण-मासळी बंद. घरात भाजी नाही. आणि हे मास्तर म्हणतात थांबा! तिचा राग खोटा नव्हता. पण छत्री तिने दिली.

आता आम्ही काय केले ते सांगतो. तुम्हालाही हे घरी करता येईल. आधी दोन्ही अळंब्यांचे देठ कापले. नुसत्या टोप्या ठेवल्या. एक पांढरा कागद घेतला. टोप्या त्यावर पालथ्या ठेवल्या, म्हणजे खालची बाजू कागदाला लागेल अशा. वर एकेक वाटी झाकली. आणि सर्वांना सांगितले, "उद्या सकाळी या."

सकाळ होईपर्यंत अळंबे म्हणजे काय ते पाहू.

अळंब्याला कोणी भूछत्र म्हणतात. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भात कुठे सात्या तर कुठे टेकोडे. नावे वेगळी, वस्तू एक. पुष्कळ लोक त्याला झाड समजतात. ते झाड नाही. झाडाला हिरवी पाने असतात. ऊन, हवा आणि पाणी यांपासून झाड आपले अन्न आपण तयार करते. अळंब्यात हिरवा रंग नाही. त्याला आपले अन्न करता येत नाही. ते दुसऱ्याच्या जिवावर जगते. कुजलेले लाकूड, वाळला पालापाचोळा, शेण, पेंढा हे त्याचे अन्न. शिळ्या भाकरीवर जी बुरशी येते, तिच्याच मोठ्या कुळातले हे अळंबे आहे.

आणि मौज अशी की आपण जे तोडतो, ते खरे अळंबे नव्हेच! ते त्याचे फळ आहे. आंबा तोडला म्हणजे आंब्याचे झाड तोडले असे होत नाही. तसेच हे. खरा जीव जमिनीत किंवा लाकडात असतो. कापसाच्या धाग्याहूनही बारीक असे पांढरे तंतू सगळीकडे पसरलेले असतात. ओल्या पाचोळ्याचा थर उचलून पाहा. खाली पांढरी जाळी दिसेल. तोच तो जीव. तो वर्षभर खात असतो, वाढत असतो, पण आपल्याला दिसत नाही. अमेरिकेत ओरेगन नावाचे राज्य आहे. तिथल्या जंगलात एका जातीच्या अळंब्याचे असे जाळे जमिनीखाली पसरले आहे. ते सारे मिळून एकच जीव आहे, असे शास्त्रज्ञांनी तपासून ठरवले. त्याचा पसारा सुमारे २४०० एकर! आपल्याकडची दोन-तीन गावे त्यात मावतील.

पाऊस पडला, जमीन भिजली, उकाडा वाढला, की हे तंतू एकत्र येतात. त्यांची गाठ बनते. गाठ पाणी शोषून फुगते आणि एका रात्रीत वर येते. म्हणून लोक म्हणतात, वीज कडाडली की अळंबी उगवतात. विजेबरोबर पाऊस येतो, आणि पावसाने अळंबी येतात. विजेला उगाच मान मिळतो. कुत्र्याच्या छत्रीचेही तसेच. कुत्रा तंगडी वर करतो तिथे ती उगवते म्हणे! कुत्र्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

छत्री उलटी करून पाहा. खाली बारीक पट्ट्या दिसतील, पुस्तकाच्या पानांसारख्या एकाला एक लागून. या पट्ट्यांवर अळंब्याचे बी तयार होते. हे बी धुळीहून बारीक. एकेक कण डोळ्याला दिसत नाही. एका छत्रीतून असे कोट्यवधी कण गळतात आणि वाऱ्याबरोबर जातात. त्यातला एखादाच योग्य जागी पडतो आणि रुजतो.

आता आजींच्या वारुळाकडे जाऊ. ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

वारूळ बांधते वाळवी. साप नंतर राहायला येतो. वारूळ बांधणारी ही वाळवी शेती करते, असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण ते खरे आहे. ती वाळले गवत, पाने, काटक्या चावून आणते. पण नुसते लाकूड तिला नीट पचत नाही. म्हणून वारुळाच्या पोटात ती त्या चावलेल्या चोथ्याचे गोळे रचते. हे गोळे स्पंजासारखे छिद्राछिद्रांचे असतात. त्यावर ती एका जातीची बुरशी वाढवते. बुरशी तो चोथा मऊ करते, पचायला हलका करते. मग वाळवी तो खाते. बुरशीवर साबुदाण्यासारखे पांढरे मणी धरतात, तेही खाते. माणसाने नांगर धरला त्याच्या आधी कोट्यवधी वर्षे वाळवीची ही शेती चालू आहे.

पावसाळ्यात तीच बुरशी फळाला येते. वारुळाच्या पोटातून लांब मुळासारखा देठ निघतो, माती फोडून वर येतो आणि छत्री उघडते. छत्रीच्या मधोमध बोंडासारखे टोक असते. त्या टोकानेच ती माती फोडते. ही आजींची अळंबी. चवीला फार गोड. गोव्यात श्रावणात तर यांना सोन्याचा भाव येतो. पानात बांधून, नगावर मोजून विकतात.

हे अळंबे माणसाला अजून शेतात पिकवता आलेले नाही. त्याला वाळवी लागते, वारूळ लागते. शास्त्रज्ञांनी पुष्कळ खटपट केली, पण बाजारात आणण्याइतके पीक काही निघाले नाही. म्हणजे वारूळ गेले की अळंबी गेली. हल्ली जमीन सपाट करायला यंत्र येते आणि एका तासात वारूळ नाहीसे करते. आपल्या बायका नागपंचमीला वारुळाची पूजा करतात. त्या निमित्ताने का होईना, पुष्कळ वारुळे आजवर राहिली. आजी अळंबी काढतात तेव्हा देठ अलगद मुरगाळून घेतात. वारूळ खणत नाहीत. आणि चार-दोन अळंबी पुरती उघडून बी गळायला तशीच ठेवतात. हे त्यांना कोणी शिकवले? त्यांच्या सासूने.

असो. सकाळ झाली.

त्या दिवशी वर्गाला सगळे वेळेच्या आधी हजर! तो गडीही आला आणि त्याची आईही आली. आम्ही पहिली वाटी उचलली. टोपी बाजूला केली. आजींच्या अळंब्याखाली कागदावर फिकट गुलाबी ठसा उमटला होता. पट्ट्या जशाच्या तशा, रेघ न् रेघ. मग दुसरी वाटी उचलली. उकिरड्यावरच्या छत्रीखाली ठसा होता हिरवा. शेवाळासारखा मळकट हिरवा.

"अगं बाई!" ती आई म्हणाली. "खालून तर पांढरीधोट हुती."

हेच तर फसवणे आहे. ही छत्री कोवळी असताना खालून पांढरीच असते. मोठी झाल्यावर पट्ट्या हिरवट पडतात. ही जात आपल्याकडे पावसाळ्यात गवतात, खत टाकलेल्या जमिनीत, उकिरड्याजवळ खूप येते. टोपी मोठी, ताटलीएवढी. वर तपकिरी खवले. देठाला अंगठीसारखे कडे. दिसायला देखणी. खाल्ली की एक ते तीन तासांत पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. अंगातले पाणी जाते. धडधाकट माणूस बहुधा वाचतो. लहान मुलाचे सांगवत नाही. त्या घरात तीन लहान मुले होती.

पण थांबा. इथे एक चूक होऊ नये म्हणून मुद्दाम सांगतो. हिरवा ठसा आला म्हणजे ती छत्री टाकून द्यायची, हे नक्की. परंतु गुलाबी ठसा आला म्हणजे खायला हरकत नाही, असे मुळीच नाही. गुलाबी ठशाची विषारी अळंबीही असतात. पांढऱ्या ठशाची असतात. ठशाने जात ओळखायला मदत होते, विष कळत नाही. आजींची अळंबी आम्ही खाल्ली ती ठसा पाहून नव्हे. आजी पन्नास पावसाळे त्याच वारुळावरून तीच अळंबी काढत आहेत म्हणून.

आता लसणाची गोष्ट. लसूण काळा पडला तर विष, ही समजूत खोटी. चांदी काळी पडते ती गंधकाने. अळंब्यातल्या विषाने ती काळी पडत नाही. तांदळाचा रंग बदलून काही कळत नाही. किडे लागले म्हणजे चांगले, हेही खोटे. गोगलगायी विषारी अळंबी मजेत खातात. शेळीचे पोट वेगळे, आपले वेगळे. साल सोलली, मिठाच्या पाण्यात ठेवले, उकळून पाणी फेकले, उन्हात वाळवले, तरी जे सर्वांत वाईट विष आहे ते जात नाही. विषारी अळंबे ओळखण्याची सर्वांना लागू पडेल अशी घरगुती खूण एकही नाही. ही ओळ पुन्हा एकदा वाचा. घरात मोठ्याने वाचून दाखवा.

ते सर्वांत वाईट विष कसे असते? ते एका जातीच्या अळंब्यांत असते. ही अळंबी आपल्या देशातही होतात. पांढरी किंवा फिकट रंगाची, नाजूक. देठाला कडे. देठाच्या बुडाशी मातीत पिशवीसारखे वेष्टन. पण लोक वरून तोडतात, मग बुडाची पिशवी मातीतच राहते आणि दिसत नाही. शिवाय भाताच्या पेंढ्यावर येणारे एक खाण्याचे अळंबे आहे, त्यालाही तशीच पिशवी असते! एका खुणेवर कशी भिस्त ठेवणार?

हे विष खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. चवही चांगली लागते. सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ, माणूस ठीक असतो. मग उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसऱ्या दिवशी उतार पडतो. घरचे म्हणतात, सुटलो बाबा. पण आत काळीज जळत असते. काळीज म्हणजे यकृत, डॉक्टर त्याला लिव्हर म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, शुद्ध जाते, आणि मग फार उशीर झालेला असतो. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यात आसामात रानातली अळंबी खाऊन तेरा माणसे दगावली. बहुतेक चहाच्या मळ्यांतल्या मजुरांच्या घरची होती. ती माणसे अडाणी होती म्हणून मेली, असे म्हणू नका. त्यांना रानाची ओळख नव्हती असेही नाही. एक जात दुसरीसारखी दिसली, एवढेच.

अळंबी खाल्ल्यावर कोणाला उलटी झाली, पोटात दुखले, गरगरले, तर काय करावे? घरगुती औषध देत बसू नका. मांत्रिकाकडे जाऊ नका. तडक सरकारी दवाखाना गाठा. १०८ नंबरला फोन केला तर महाराष्ट्रात गाडी येते. किती वाजता खाल्ले ते डॉक्टरांना सांगा. उरलेले अळंबे, शिजवलेले असले तरी, कागदात बांधून बरोबर न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते लवकर सडते. ज्यांनी ज्यांनी ते कालवण खाल्ले, त्या सर्वांना न्या, बरे वाटत असले तरीही. आणि दुसऱ्या दिवशी उतार पडला म्हणून डॉक्टरांना न विचारता रोग्याला घरी आणू नका.

आता औषधाकडे वळू. अळंब्याच्या कुळाने माणसाला जसे मारले, तसे तारलेही आहे. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नावाच्या शास्त्रज्ञाने एका काचेच्या बशीत रोगजंतू वाढवले होते. बशीवर चुकून बुरशी आली. पाहतो तो बुरशीच्या आसपासचे जंतू मेलेले! त्या बुरशीतून पुढे पेनिसिलीन हे औषध निघाले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. न्युमोनियाने, चिघळलेल्या जखमेने मरणारी किती माणसे या बुरशीने वाचवली, त्याची मोजदाद नाही. पण म्हणून बुरशी आलेली भाकरी खाऊ नका हो! आणि बुरशी आलेले शेंगदाणे तर मुळीच नको. त्या बुरशीचे विष यकृताला बाधते.

कोकणात आणि गोव्यात फणसोंबा नावाचे एक औषध जुन्या बायांना ठाऊक आहे. फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखे कठीण, तपकिरी अळंबे येते. ते सहाणेवर पाण्यात उगाळतात. लहान मुलाची लाळ फार गळू लागली, तोंड आले, तर हिरड्यांना लावतात. वैद्यही ते वापरतात. आमचे म्हणणे एवढेच की कोणत्याही खोडावरचे कोणतेही अळंबे उगाळू नये, आणि मूल तापाने फणफणले असेल, जुलाब थांबत नसतील, तर उगाळण्यात वेळ घालवू नये.

हल्ली बाजारात अळंब्याच्या पुड्या आणि गोळ्याही येतात. विकणारा म्हणतो, साखर जाते, कॅन्सर जातो, गुडघे धरत नाहीत. जपानात शिताके नावाच्या अळंब्यातून काढलेला एक पदार्थ डॉक्टर कॅन्सरच्या औषधाबरोबर देत आले, हे खरे. पण तो सुईने, मुख्य औषधाला जोड म्हणून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुडीतून कॅन्सर जात नाही. पुडीपायी दवाखान्याचे औषध सोडले तर रोगी हातचा जातो.

मग सरळ, सुखाने खायचे अळंबे कोणते? जे आपण स्वतः पिकवू ते. त्यात ओळखण्याचा घोळ नाही. वर्गात त्या आईने हाच प्रश्न विचारला, "मास्तर, रानातलं नगं, उकिरड्यावरचं नगं, मग आम्ही खायाचं काय?" तेव्हा आम्ही ठरवले, वर्गानेच धिंगरी लावून पाहायची.

थंड हवेत बटणासारखी पांढरी अळंबी पिकवतात. हिमाचल प्रदेशात सोलन या गावी १९६१ पासून ती लागवड सुरू झाली, आणि आज तिथे केंद्र सरकारची अळंब्यांची मोठी संशोधन संस्था आहे. पण बटणाला गारवा लागतो, खास खत लागते. गरिबाच्या झोपडीतले पीक म्हणजे धिंगरी. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरी पिकवून दाखवली. पेंढा, पाणी, सावली आणि बियाणे, एवढ्यावर ती येते.

पेंढा यंदाचा घ्यावा. भाताचा, गव्हाचे काड, सोयाबीनचे काड, काहीही चालते. पावसात भिजलेला, बुरसटलेला नको. त्याचे दीड-दोन इंचाचे तुकडे करावे. गोणपाटात भरून रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवावा. दुसऱ्या दिवशी तेच पोते कढत पाण्यात तासभर ठेवावे. पाणी उकळी फुटायच्या बेताला असावे. या कढत पाण्याचा कंटाळा करू नका. पेंढ्यात दुसऱ्या बुरश्यांचे बी असते. ते मेले नाही तर आपण पेरलेली धिंगरी मागे पडते आणि हिरवी-काळी बुरशी पुढे होते. आमच्या पहिल्या खेपेला सरपण ओले होते. पाणी नीट तापले नाही. सहा पिशव्यांतल्या चार हिरव्या झाल्या आणि खतात टाकाव्या लागल्या. चूक आमची होती.

मग पेंढा निथळत ठेवावा. मुठीत घट्ट दाबला तर पाणी ठिबकू नये, पण तळहात ओला व्हावा. इतपत ओल बरोबर. पेंढा पुरता गार होऊ द्यावा. गरम पेंढ्यात बियाणे मरते.

बियाणे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यावर वाढवलेले असते. दाण्यांवर पांढरी कापसासारखी वाढ दिसते. त्याला स्पॉन म्हणतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंब्यांवर संशोधन चालते. तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. दहा किलो ओल्या पेंढ्याला दोनशे ग्रॅम बियाणे पुरते.

प्लॅस्टिकच्या पिशवीत चार बोटे पेंढ्याचा थर द्यावा, कडेने बियाणे पेरावे, पुन्हा थर, पुन्हा बियाणे. असे चार-पाच थर. पिशवीचे तोंड बांधावे आणि दाभणाने वीस-पंचवीस भोके पाडावी. मग अंधाऱ्या खोलीत पंधरा ते वीस दिवस ठेवावी. आत पेंढा पांढऱ्या तंतूंनी भरून जातो. सगळा गठ्ठा पांढरा झाला की प्लॅस्टिक कापून काढावे आणि गठ्ठा दोरीने टांगावा. आता उजेड हवा, पण ऊन नको. वारा खेळता हवा, पण झोत नको. दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हलका फवारा मारावा. भिंतीला ओले गोणपाट लावावे. खिडकीला जाळी लावावी, नाहीतर बारीक माश्या येतात. चार-सहा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसू लागतात. आणखी तीन-चार दिवसांत धिंगरी तोडायला येते. कडा वर वळायच्या आधी तोडावी.

त्यालाही कारण आहे. उशीर केला तर बी गळू लागते. बंद खोलीत ते बी रोज नाकातोंडात गेले तर खोकला, दम, ताप येतो. म्हणून वेळेवर तोडा आणि तोडताना नाकाला फडके बांधा. ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने हे काम करू नये.

आठ-दहा दिवसांनी दुसरी तोडणी, मग तिसरी. एक किलो वाळल्या पेंढ्यामागे एकंदर अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी मिळते. हात बसला की किलोपर्यंतही जाते. ताजी धिंगरी एक-दोन दिवसच टिकते. उरली तर उन्हात वाळवावी. दहा किलोची साधारण एक किलो होते. उन्हात वाळवण्यात आणखी एक फायदा आहे. हाडांना बळ देणारे ड जीवनसत्त्व उन्हाने अळंब्यात तयार होते.

लोक म्हणतात, अळंबी म्हणजे मटणच. तसे नाही. ताज्या अळंब्यात दहा भागांत नऊ भाग पाणीच असते. शंभर ग्रॅम ताज्या धिंगरीत अडीच-तीन ग्रॅम प्रथिने. भाजीच्या मानाने हे चांगले, पण डाळीची बरोबरी नाही. म्हणून अळंबी आली तरी डाळ बंद करू नये. चरबी नाही म्हणण्याइतकी कमी, साखर थोडी, म्हणून साखरेच्या रोग्यालाही चालते. कच्ची खाऊ नये. चांगली शिजवावी. पहिल्या वेळी थोडीच खावी, कारण काहींच्या पोटाला ती सोसत नाही.

विकण्याचा विचार असेल तर आधी गिऱ्हाईक शोधा, मग पेंढा भिजवा. "बियाणे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बियाण्याचे पैसे आधी घेतात. माल तयार झाला की फोन उचलत नाहीत. धिंगरी दोन दिवसांत सडते, हे त्यांना माहीत असते. कागदावर लिहून घ्या, आणि सही करण्याआधी तो कागद स्वतः वाचा. दहा-वीस पिशव्यांनी सुरुवात करा. बाजारच्या दिवशी पाच घरी खपते का ते पाहा.

आमच्या वर्गाच्या दुसऱ्या खेपेला आठ पिशव्या लावल्या. या वेळी सरपण कोरडे होते. आठही पिशव्या पांढऱ्या झाल्या. पहिली तोडणी दिवाळीच्या आधी निघाली. तराजू त्या आईनेच धरला आणि वहीत आकडा तिनेच लिहिला. वर्गात आल्यापासून तिने लिहिलेला तो पहिला हिशेब. आजींनी धिंगरी चाखली. म्हणाल्या, "वारुळावरल्याची चव न्हाई. पण बरी हाय." तिसरी तोडणी झाल्यावर उरलेला चोथा आम्ही वाटून दिला. ज्यावर हिरवी बुरशी नव्हती तो गुरांनी खाल्ला, बाकीचा खताच्या खड्ड्यात गेला.

पुढल्या पावसाळ्यात आजी वर्गातल्या सगळ्या सुनांना घेऊन माळावर जाणार आहेत.